खिळ्यावरची काठी

शर्टाला इस्त्री करताना ती आधी कॉलर घेते, मग खांदा, मग बाह्या, आणि पाठ-पोट सगळ्यात शेवटी. आईने शिकवलेला हा क्रम तिने कधी मोडला नाही. गल्ली तिला इस्त्रीवाली म्हणते, प्रार्थनेची मंडळी ताई म्हणतात आणि सासूबाई सूनबाई म्हणतात; रागात असल्या की "अहो सूनबाई". दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. रुंद टेबल, त्यावर कांबळ्याची घडी, घडीवर जुनी चादर, भिंतीला गाठोड्यांची फळी आणि टेबलाखाली एक उंच स्टूल.

हे स्टूल नवऱ्याने आणलं होतं. पायात सळई घातल्यावर डॉक्टरांनी बजावलं होतं, "हाड जुळेल, पण दुखत राहील. चालताना काठी घ्यायची आणि उभं राहून काम करायचं नाही." उभं राहायचं नाही तर इस्त्री कशी करायची? म्हणून हे उंच स्टूल. अर्धं बसायचं, अर्धं टेकायचं आणि हात मोकळा ठेवायचा. सोय चांगली होती. पण गेले काही महिने ते बिचारं स्टूल दिवसभर आत-बाहेर, आत-बाहेर करत होतं. रस्त्यावर मंडळीतलं कोणी येताना दिसलं, की ती पायाने स्टूल टेबलाखाली सारायची आणि ताठ उभी राहायची. ते माणूस वळणापलीकडे गेलं, की स्टूल पुन्हा बाहेर.

"झाली का लपाछपी खेळून?" आतून सासूबाई विचारायच्या. त्यांना खिडकीतून सगळं दिसायचं.

"काही लपाछपी नाही. उभं राहावंसं वाटलं, राहिले."

"वाटणारच. बरी झालेली बाई तू. तुझा चमत्कार झोपेत कण्हतो तेवढाच काय तो."

ती इस्त्री गरम झाली का ते बघायला तिच्यावर पाण्याचा थेंब टाकायची. थेंब चर्रकन उडायचा.

गोष्ट अशी होती. ही ख्रिस्ती मंडळी आधी एका भाड्याच्या खोलीत जमायची, दुसऱ्या मजल्यावर. एका रविवारी दुपारी गल्लीतली पंचवीस-तीस माणसं जिन्यावर आली. ही प्रार्थना इथे चालणार नाही, बाडबिस्तरा उचला, असं ओरडायला लागली. बाकं खिडकीतून खाली गेली. कोणी कोणाला मारलं असं नाही. पण सगळे एकदम जिना उतरायला धावले. त्या रेटारेटीत तिच्या पाठीवर कोणाचं तरी कोपर बसलं आणि ती जिन्याच्या वळणापर्यंत गडगडत गेली. तिथे पडल्या पडल्या तिला वर फक्त पाय दिसत होते, तिला ओलांडून जाणारे. घरमालकाने त्याच संध्याकाळी खोलीला कुलूप लावलं.

मग मंडळीतले सुतारकाका पुढे आले. त्यांच्या कारखान्यावरची माळ्याची खोली रिकामी होती. "भुसा झाडावा लागेल," एवढीच त्यांची अट. त्यानंतर त्यांची दोन मोठी गिऱ्हाइकं तुटली. काकांनी ते कोणाला सांगितलं नाही, पण काकूंनी सगळ्यांना सांगितलं.

त्या माळ्यावर ती काठी टेकत गेली, सासऱ्यांची जुनी काठी घेऊन. ती तिला जरा उंचच होती. एका रविवारी पाळकांनी आणि सगळ्या मंडळींनी तिच्यावर हात ठेवून प्रार्थना केली. खूप वेळ केली. कोणी रडत होतं, कोणी गुणगुणत होतं, सुतारकाकांचा जाड तळवा तिच्या डोक्यावर होता. आणि मग तिच्या आत काहीतरी सैल झालं. जिन्यावरचा तो आरडाओरडा रोज तिच्या कानात असायचा, तो थांबला. इतकं शांत वाटलं की ती उठली आणि काठी न घेता खिडकीपर्यंत चालत गेली. पाय दुखला नाही. अगदी खरं, दुखला नाही.

खोलीत एकच जल्लोष झाला. म्हातारी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. सुतारकाका धडधड खाली गेले, हातोडी आणि भला मोठा खिळा घेऊन वर आले आणि समोरच्या भिंतीवर, उंच, त्यांनी ती काठी टांगली. "त्यांनी पाडलं, त्याने उठवलं," ते म्हणाले आणि लहान मुलासारखे रडले.

घरी पोचेपर्यंत पाय ठणकायला लागला होता.

तिने ठरवलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी पाळकांच्या पत्नी, पाळकबाई, घरी आल्या, मिठाई घेऊन. मग म्हणाली, रविवारी सांगू. रविवारी माळ्यावर चार नवी माणसं आली होती. घाबरून यायचं थांबलेलीही परत आली होती. सगळे आधी भिंतीकडे बघायचे, मग तिच्याकडे. आता यांना काय सांगायचं? काठी द्या माझी? आणि सांगायची वेळ जसजशी टळत गेली तसतसं सांगणं जड होत गेलं.

नवरा बेकरीची गाडी चालवायचा. पहाटे निघायचा, दुपारी यायचा. त्याने एकदाच विषय काढला होता. "नवीन काठी आणू का?"

"आणि टेकू कुठे? स्वयंपाकघरात?"

त्या दिवसापासून माळ्याचा जिना चढताना तो तिच्या डाव्या बाजूला, अगदी खेटून चालायला लागला. लोकांना वाटायचं, काय प्रेम आहे नवराबायकोत!

त्या जमावातल्या एका माणसाचे शर्ट तिच्याच दुकानात यायचे, ही आणखी एक गंमत. तो ओरडणाऱ्यांत सगळ्यात पुढे होता. त्याची बायको गाठोडं घेऊन यायची आणि मान खाली घालून म्हणायची, "कॉलर कडक हवी म्हणतात."

"एखादी बाही जाळ की," सासूबाई सुचवायच्या. "चुकून."

ती जाळायची नाही. उलट त्याची कॉलर जरा जास्तच मन लावून करायची. त्यात मोठेपणा होता असं नाही. तिच्या हातून कॉलर वाईट होतच नसे.

एकदा गाठोडं ठेवता ठेवता ती बायको म्हणाली, "ताई, तुम्ही चालताना बघून बरं वाटतं हो. आमचे तर त्या दिवसानंतर नीट जेवत नव्हते. आता म्हणतात, बघ, बाई ठणठणीत झाली. म्हणजे झालं काहीच नाही. उगाच आपण मनाला लावून घेतलं."

ती गेल्यावर इस्त्री बराच वेळ नुसतीच उभी होती. झालं काहीच नाही! टेबलाखाली सारलेलं स्टूल तिच्या पोटरीला टोचत होतं.

तरीही ती कदाचित तशीच रेटत राहिली असती. रेटायची तिला सवय होती. पण शुक्रवारी शिंपीण आली.

शिंपीण म्हणजे पलीकडच्या गल्लीत ब्लाउज-फ्रॉक शिवणारी, मंडळीत नव्यानेच आलेली तरुण बाई. तिच्या मुलीला फिट यायच्या. गोळ्या सुरू केल्यापासून फिट थांबल्या होत्या. पण गोळीने पोरगी सुस्तावते, शाळेत डुलक्या काढते, म्हणून आई कासावीस असायची. त्या दिवशी मात्र तिचा चेहरा नुसता उजळला होता. स्टूल सारायलाही वेळ मिळाला नाही, इतक्या घाईने ती आत शिरली.

"ताई, हे बघा!" तिने एक छोटीशी कापडी पिशवी पुढे केली. निळी, लाल नाडीची, कडेला बारीक टाके घातलेली. "ओळखा कशाला."

"पोरीच्या खाऊला?"

"छे! तिच्या गोळ्यांना. रविवारी तिच्यावर हात ठेवून प्रार्थना होणार ना, त्यानंतर सगळ्या गोळ्या या पिशवीत घालायच्या आणि तुमच्या काठीशेजारी टांगायच्या. काका खिळा ठोकतो म्हणालेत. संपल्या गोळ्या!"

तिच्या हातातली इस्त्री थांबली. जळका वास आला तेव्हा कुठे तिने ती उचलली. कोणाच्या तरी उशीच्या अभ्र्यावर पिवळा डाग उमटला होता. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

"डॉक्टरांना विचारलंस?"

"त्यांना काय विचारायचं? तुम्ही विचारलं होतं?"

"अगं, माझं ऐक. बस इथे. माझा पाय बरा झालेला नाही. रोज दुखतो. हे स्टूल बघ, मी याच्यावर टेकून काम करते. तुम्ही लोक आलात की लपवते."

शिंपीण हसली. भाबडं, प्रेमाचं हसू. "तुम्ही ना ताई! माझ्या विश्वासाची परीक्षा बघताय."

"परीक्षा कसली? खरं सांगतेय."

"मग काठी का आहे भिंतीवर?"

शिंपीण तिच्या हातावर थोपटून, निळी पिशवी छातीशी धरून निघून गेली. दारातून वळून म्हणाली, "अभ्रा जळला बघा तुमचा."

आतून सासूबाई आल्या. त्यांनी अभ्रा उचलला, डागाकडे बघितलं, सुनेकडे बघितलं. या वेळी टोमणा मारला नाही.

"काठी काढून आण," त्या म्हणाल्या.

"सगळ्यांचं मन मोडेल हो, आई. काकांचं तर..."

"मन जोडता येतं. पोरीला रस्त्यात फिट आली आणि मागून गाडी आली तर काय जोडशील?"

शनिवारी सकाळी ती एकटीच माळ्यावर गेली. कठडा धरून, एकेक पायरी. शनिवारी दार झाडलोटीसाठी उघडं असतं हे तिला माहीत होतं. खोलीत कोणी दिसलं नाही. खालून रंध्याचा आवाज येत होता, लाकडाचा ताजा वास होता. काठी बरीच उंच होती. तिने एक बाक भिंतीशी ओढलं, चांगला पाय त्याच्यावर ठेवला आणि दुखरा पाय कसा उचलावा याचा विचार करत भिंतीला चिकटून उभी राहिली.

"ताई, पडाल," जमिनीतून आवाज आला.

तिची किंकाळीच निघाली. पाळक मागच्या बाकाखालून हातात केरसुणी घेऊन रांगत बाहेर आले. त्यांच्या केसांत भुसा होता.

"मी... धूळ पुसायला आले होते," ती म्हणाली.

"धूळ मी पुसतो, शनिवारी." त्यांनी तिला हात देऊन बाकावर बसवलं आणि स्वतः समोरच्या बाकावर बसले. बराच वेळ केरसुणीच्या काड्या सारख्या करत राहिले. मग म्हणाले, "दुखतंय का?"

किती दिवसांत तिला हे कोणी विचारलं नव्हतं! बरी झालेल्या बाईला कोण विचारणार? तिच्या डोळ्यांना धारा लागल्या. ती पदराने पुसत म्हणाली, "हो. पण त्या दिवशी नव्हतं हो दुखत. मी खोटं चालले नाही."

"माहीत आहे. मीही खोटी प्रार्थना केली नव्हती." ते काठीकडे बघत होते. "तुम्ही कठडा धरता, ते मला वरून दिसतं. दर रविवारी ठरवतो, आज विचारायचंच. आणि दर रविवारी कोणीतरी नवं माणूस त्या काठीकडे डोळे लावून बसलेलं असतं. मग माझी जीभ रेटत नाही. काठी तुमची होती ताई, पण टेकलो होतो आम्ही सगळे."

तिने शिंपिणीचं सांगितलं. पिशवीचं ऐकल्यावर ते ताडकन उठले. "गोळ्या बंद? हे मला कोणी बोललं नाही. आत्ता जातो मी तिच्याकडे."

"जा. पण ती म्हणेल, तुम्हीसुद्धा परीक्षा बघताय. ती काठी तिथे आहे तोवर कोणाचं ऐकायची नाही ती."

"मग काढू या. मी चढतो."

तिने वर काठीकडे बघितलं. खाली रंधा चाललाच होता. "नको. उद्या काढायची, सगळ्यांच्या समोर. आणि ज्यांनी लावली त्यांनीच काढायची."

रविवारी नवऱ्याने गाडी काढली, सासूबाईंनाही घेतलं. एरवी त्या जिन्याला नावं ठेवत घरी बसायच्या. आज एका हाताने आपली फुगलेली पिशवी आणि दुसऱ्या हाताने मुलाचा दंड धरून वर आल्या.

शिंपीण पहिल्या बाकावर होती. शेजारी पोरगी, दोन वेण्या, नवा फ्रॉक. निळी पिशवी आईच्या मांडीवर. पाळक काल तिला दोनदा जाऊन भेटले होते. ती सगळ्याला "हो साहेब" म्हणाली होती आणि पिशवी घेऊन आली होती. सुतारकाकांच्या खिशातून हातोडीचा दांडा डोकावत होता.

गाणी झाली. साक्ष देण्याची, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगण्याची वेळ आली. पाळकांनी इस्त्रीवालीकडे बघितलं.

ती उठली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा ती चालताना काहीही लपवत नव्हती. पाय ओढत, बाकांच्या पाठी धरत ती पुढे गेली. तेवढ्यानेच कुजबुज थांबली.

"काका," ती म्हणाली, "माझी काठी काढून द्या."

सुतारकाकांना आधी समजलंच नाही. "काय झालं? परत पडलीस की काय?"

"परत नाही. तेव्हा पडले तेच. पाय बरा झाला नाही, काका. त्या दिवशी तास-दोन तास दुखला नाही, नंतर दुखायला लागला तो अजून दुखतोय. तुम्ही सगळे इतके आनंदात होता, माझ्या तोंडून निघेना. चूक माझी. पण आता त्या पोरीच्या गोळ्या तिथे टांगायच्या म्हणताय, म्हणून सांगते. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय एक गोळी बंद करू नकोस गं. माझ्याकडे बघून तर नकोच नको."

शिंपिणीने पिशवी घट्ट धरली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. काका मात्र लाल झाले होते.

"म्हणजे ते जिंकले?" ते ओरडलेच. "आमची बाकं फेकली, तुझा पाय मोडला, आणि त्यावर आपल्याकडे दाखवायला होती ती ही एक गोष्ट, तीही खोटी? उद्या गल्लीत तू काठी टेकत निघालीस की हसतील आपल्याला!"

"नाही हसणार," ती म्हणाली. "काठी भिंतीवर होती तेव्हा ते मजेत होते, काका. मी त्यांच्यातल्या एकाचे शर्ट करते. तो घरी म्हणतो, बाई ठणठणीत आहे, म्हणजे काही झालंच नाही. मी दुखणं लपवलं, ते तुमच्यापासून लपलं नुसतं असं नाही. त्यांचं केलेलंही लपलं."

काका उभेच होते. तेवढ्यात मागच्या बाकावरून सासूबाईंचा आवाज आला, घरात असतो तसाच, खणखणीत.

"अहो सुतार, तो कबरेतून उठला ना? उठला तेव्हा हातावरची भोकं बुजवून उठला का? तशीच घेऊन उठला. दाखवलीसुद्धा लोकांना. त्याला नाही लाज वाटली, आणि तुम्हाला हिच्या काठीची वाटते?"

मग निवृत्त पोस्टमन आजोबांनी घसा साफ केला. "आता निघालंच आहे तर सांगतो. माझ्या गुडघ्याची साक्ष मी गेल्या वर्षी दिली होती. तीही जरा घाईच झाली."

पहिल्यांदा पाळकबाई हसल्या. त्यांना आवरेना. मग बाकीचे. कोणी म्हणालं, माझी कंबर. कोणी म्हणालं, मला बिचाऱ्या ताईंकडे बघून डोकेदुखीची गोळी घ्यायलासुद्धा चोरी झाली होती. हसता हसता निम्मे लोक डोळे पुसत होते. एवढी दुखणी त्या खोलीत होती आणि प्रत्येक जण आपापलं सांभाळत एकटा बसला होता.

"मग देवाने त्या दिवशी केलं तरी काय?" शिंपिणीने विचारलं. हळूच, रागाने नाही. तिला खरंच हवं होतं उत्तर.

इस्त्रीवालीने विचार केला. "जिन्यावर पडल्यापासून प्रत्येक जिना मी जीव मुठीत धरून चढायची. खालून चार माणसांचा आवाज आला तरी अंगाला कापरं सुटायचं. ते त्या दिवशी गेलं, ते परत आलं नाही. पाय दुखतो, पण भीती नाही. मी इथवर येते ती त्याच्याच जिवावर. तेवढी साक्ष माझी खरी आहे. तेवढीच घ्या."

काकांनी मग बाक ओढलं. सावकाश चढले, काठी काढली, बाहीने पुसली. खाली उतरून तिच्या हातात दिली आणि तिच्याशेजारी धरून बघितली. कपाळाला आठ्या पडल्या.

"ही तुला उंच होते."

"सासऱ्यांची आहे."

"मग इतके दिवस सांगितलं का नाहीस? खांदा वर करून चालायचीस ते यामुळे! आण इकडे." प्रार्थना राहिली बाजूला, काका काठी घेऊन खाली गेले, करवतीचे चार फटकारे ऐकू आले, आणि ते खालच्या टोकाला रबराचं बूच बसवून वर आले. त्यांचे डोळे ओले होते, पण हात कामात होते, त्यामुळे ते सावरलेले दिसत होते.

नंतर पोरीवर हात ठेवून प्रार्थना झालीच. इस्त्रीवालीने एक हात काठीवर ठेवला, दुसरा पोरीच्या डोक्यावर. शाळेत डुलक्या येतात तर गोळी बदलून मिळते का, हे डॉक्टरांना विचारायला सोमवारी पाळकबाई बरोबर जाणार असं ठरलं. निळी पिशवी पोरीने मागून घेतली. गोळ्या तिच्यातच ठेवायच्या, पण आपल्या दप्तरात, असं तिचं म्हणणं.

खिळा रिकामाच राहिला. निघताना सासूबाईंनी त्याच्याकडे बघितलं आणि काकांना म्हणाल्या, "जरा खाली ठोका तो. माझी पिशवी अडकवायला कामाला येईल. आता मी येत जाईन."

चार दिवसांनी दुकानात बायकोऐवजी तो कडक कॉलरवाला स्वतः आला, शर्टांचं गाठोडं घेऊन. टेबलाला टेकवलेली काठी त्याला दिसली. मग ती स्टुलावर बसलेली दिसली. तो गाठोडं हातात घेऊन तसाच उभा राहिला.

"अजून लागते?"

"लागते."

"नेहमीच लागणार?"

"डॉक्टर तसंच म्हणाले."

फळी उंच होती. गाठोडं तिच्यासमोर टेबलावर न टाकता त्याने स्वतःच ते वर ठेवलं, आणि जरा थांबून, खाली पडलेली दुसऱ्या कोणाची दोन गाठोडीही उचलून ठेवली. "कॉलर कडक नसली तरी चालेल," असं काहीतरी पुटपुटत तो गेला.

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग पुढचा शर्ट ओढला आणि कॉलरपासून सुरुवात केली. रस्त्यावरून शिंपीण चालली होती, पोरीचं बोट धरून. तिने हात केला. इस्त्रीवालीने बसल्या बसल्या हात केला.

"काय, आज लपाछपी नाही?" आतून आवाज आला.

"नाही हो आई. दमले खेळून."

"मग चहा टाकते," सासूबाई म्हणाल्या. "बस तू."